कोंबडीची दुपार

विदर्भात उन्हाळ्याचा आकडा सांगताना माणसाची मान जरा ताठ होते. "आमच्याकडे काल सेहेचाळीस होतं जी," हे वाक्य नागपूरकर पुण्याच्या पाहुण्याला ज्या सुरात ऐकवतो, त्या सुरात इतर गावची माणसं मुलाचे दहावीचे टक्के सांगतात. त्यात चंद्रपूरकरानं मध्येच "सत्तेचाळीस" टाकलं की नागपूरकराचा चेहरा पडतो. अकोलेकर काही बोलणार तोच ब्रह्मपुरीचा माणूस घसा खाकरतो आणि सगळे गप्प होतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, तेव्हा शहरात भीतीपेक्षा समाधानच जास्त होतं. जगात नाव निघालं! पुढे हवामान खात्यानं खुलासा केला, की यंत्राचा संवेदक बिघडला होता, आकडा खरा नाही. आमच्या गल्लीत तो खुलासा अजून कुणी मनापासून मान्य केलेला नाही.

या चढाओढीत ज्यांना कुणी विचारत नाही, ते घरचे बाकीचे जीव. पहिला नंबर ब्रह्मपुरीचा आला की चंद्रपूरचा, याच्याशी कोंबडीला काही देणंघेणं नसतं. तिच्या अंगातच मुळी ४१-४२ अंश असतात. ज्या तापात माणसाला डॉक्टर ताबडतोब भरती व्हायला सांगतील, तेवढ्या तापात कोंबडी रोज उठते, दाणे टिपते, अंडं घालते आणि वर अंगणभर ओरडून सांगते. मात्र आतली ही ऊब बाहेर टाकायला तिच्याकडे वाटा फार थोड्या. घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगभर पिसं, आणि ती काढून खुंटीला टांगायची सोय नाही. डोक्यावरचा तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी आणि पाय, एवढंच काय ते उघडं अंग. हवा तिशीच्या वर गेली की ती अस्वस्थ व्हायला लागते, पस्तिशीला चोच उघडते, आणि हवा खुद्द तिच्या अंगापेक्षा गरम झाली की वाऱ्याच्या झुळकेचाही भरवसा राहत नाही. अशा वेळी तिला वाचवते फक्त धाप. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी दीडशे-दोनशेवर जाते, घशातल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर थोडी उष्णता निघून जाते. बस्स. कूलर याहून वेगळं काही करत नाही, फक्त त्याला बिल येतं.

माझी आत्या ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात राहते. तिच्या अंगणात देशी कोंबड्या आहेत. किती आहेत ते ती सांगत नाही, मोजल्यानं नजर लागते. कुक्कुटपालनावरचं एकही पुस्तक आत्यानं वाचलेलं नाही, तरी तिच्या कोंबड्या नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, पार करतात. त्याचं श्रेयही ती घेत नाही. "मले काय समजते? थ्याच सांगतेत. मी आपली पाहून राहतो."

काय सांगतात, ते बघायला मे महिन्यात दुपारी एक वाजता तिच्या मागच्या अंगणात जावं. म्हणजे जाऊ नये, पडवीत बसून बघावं. न्हाणीचं पाणी जिथे कडुनिंबाखाली मुरतं, तिथली माती कोंबड्यांनी सकाळीच उकरून ठेवलेली असते. प्रत्येकीचा खड्डा ठरलेला. वरची गरम माती बाजूला सारून खालची ओली, काळी माती पोटाला लागेल अशा बेतानं त्या तिच्यात पसरतात. दोन्ही पंख अंगापासून सुटे धरलेले, म्हणजे पंखाखालच्या कातडीला वारा लागावा. चोच अर्धी उघडी, गळ्याची कातडी थरथर थरथर हलते आहे, डोळे मिटलेले. शेजारून मुंगळा गेला तरी चोच मारायची नाही. एरवी दाण्यासाठी एकमेकींच्या मानगुटीवर बसणाऱ्या बाया इथं वीतभर अंतर राखून पडलेल्या असतात, कारण दुसरीच्या अंगाची ऊबही नको. कोंबडा सगळ्यांत कडेला. त्याचा रुबाब त्यानं सकाळी नऊलाच आवरता घेतलेला असतो.

उन्हाळ्यात जीव वाचवायचा तर दुपारी काहीही करायचं नाही, हे कोंबडीचं सांगणं. माणसाला नेमकं हेच जमत नाही. माणसाला उपाय करायचे असतात. मुंबईहून सुटीला आलेला आत्याचा नातू कोंबड्यांची ही अवस्था पाहून हळहळला आणि भर दोन वाजता बादली घेऊन त्यांना आंघोळ घालायला निघाला. कोंबड्या उठल्या, उन्हातून सैरावैरा पळाल्या, हा त्यांच्या मागे. धावल्यानं कोंबडीचं अंग आणखी तापतं, हे त्याच्या भूतदयेत बसत नव्हतं. आत्यानं बादली काढून घेतली आणि त्याच्याच डोक्यावर ओतली. दोघांचंही काम झालं.

मात्र या काही न करण्याची तयारी मोठी असते. आत्याकडे ती पहाटे सुरू होते. उजाडायच्या आत खुराडं उघडायचं, दाणे तेव्हाच टाकायचे. ऊन चढल्यावर खायला घालायचं नाही, कारण खाल्लेलं पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते. उरलेलं जेवण दिवस कलल्यावर. मधल्या वेळात कलिंगडाची साल किंवा काकडीचे देठ टाकले तर चालतात, त्यात पाणीच जास्त. पाण्याची मातीची परळं सावलीत, आणि एकच मोठं नव्हे, चार-पाच लहान, लांब लांब. कारण पाण्यावरही दादागिरी असते. एखादी कवडी कोंबडी परळाला टेकून बसते आणि तलंगांना फिरकू देत नाही. पाणी गार हवं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी आपण चहाला वापरू शकतो, कोंबडी मात्र त्यात चोच बुडवते, डोकं झटकते आणि तहानलेली परत जाते. म्हणून आत्या परळं दुपारी एकदा माठातल्या पाण्यानं बदलते. घरातल्या माणसांना त्या वेळी गार पाणी मिळत नाही, कारण माठ नुकताच पुन्हा भरलेला असतो.

खुराड्यावरचा पत्रा हा तिचा जुना दुश्मन. पत्र्यावर धानाचं तणस, तणसावर दुपारी तांब्याभर पाणी. पश्चिमेच्या बाजूला ओलं तरट, पण खालून-वरून हात जाईल एवढी फट ठेवून. चारी बाजूंनी तरट गुंडाळलं की आत वाफ कोंडते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ज्यानं केली त्यानं मे महिन्याच्या दुपारी कोंबडं झाकून पाहिलेलं नसावं. आमच्याकडे डालग्याखाली झाकलं तर तांबडं बरोबर फुटेल, कोंबडं राहणार नाही.

सगळ्यांत जास्त जपावं लागतं ते खुडूक कोंबडीला. बाकीच्या निदान मातीत पडतात, ही मात्र कोपऱ्यातल्या टोपलीत अंड्यांवर बसून राहते. एकवीस दिवसांचं व्रत. दिवसातून एकदा उठली तर उठली. गावातले जाणते म्हणतात, वैशाखात रवण लावूच नये. आत्याही तेच म्हणते, पण कोंबडीला कोण सांगणार? तिनं ठरवलं की ठरवलं. मग आत्या परळ तिच्या चोचीपाशी नेऊन ठेवते, टोपलीखाली ओली वाळू पसरते आणि तिला नाही नाही ते बोलते. सुनेच्या बाळंतपणातही तिनं इतकं केलं नव्हतं, असं सून म्हणते. आत्या हजर नसताना नव्हे, समोरच.

उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं. हातात घेतलं की चिरतं. यावर आत्याचं निदान नजर, आणि तिचा संशय समोरच्या घरावर. खरं कारण पुन्हा ती धापच. एकसारखं धापा टाकल्यानं अंगातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्तातला समतोल बिघडतो. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यासाठी लागणारा कच्चा मालच मग कमी पडतो. त्यातून उन्हाळ्यात कोंबडी खाते कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. हे मी आत्याला सविस्तर समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मिठमोहऱ्या ओवाळायला सुनेला हाक मारली. शिंपल्यांचा चुरा मात्र तिनं दाण्यात मिसळायला सुरुवात केली, संध्याकाळच्या. नजर लागली तर लागली, हयगय नको.

शहरात उन्हाळ्यात अंडी खाणारेही कमी होतात, "उष्ण पडतात" म्हणून. हेच लोक रात्री जिभेला चटका बसेल असा सावजी रस्सा ओरपतात आणि वर ताक मागवतात. कोंबडीला या समजुतीचा केवढा आधार असेल! तिची अंडी कमी, आपली भूक कमी. वर्षभरात उभयपक्षी एवढा समजूतदारपणा दुसऱ्या कोणत्याच महिन्यात दिसत नाही.

आतेभावाचं दुखणं वेगळं आहे. त्याचं गावाबाहेर ब्रॉयलरचं शेड आहे. देशी कोंबडी हिंडते-फिरते, सावली शोधते, झाडावर चढते. ब्रॉयलर म्हणजे दीड महिन्यात दोन किलोच्या वर जाणारा, सोफ्यावरून न उठणारा तरणा गडी. अंगात मांस भरपूर, उष्णता तयार करण्याचा कारखाना जोरात, आणि ती बाहेर टाकायची अक्कल नाही, जागाही नाही. विक्रीला पाच-सहा दिवस उरलेले पक्षी, दुपारी तीन ते सहाची वेळ आणि गेलेली वीज, हे तीन ग्रह एका राशीत आले की पोल्ट्रीवाला देव आठवतो. म्हणून भावाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात एखाद्या इस्पितळाइतकं वेळापत्रक चालतं. अकराच्या आत खाद्याची भांडी वर ओढायची, ऊन उतरल्यावर खाली सोडायची. छपराला पांढरा चुना, छपरावर पऱ्हाट्या, त्यावर फिरते तुषार. आत फॉगरचं धुकं. पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर, क जीवनसत्त्व, कधी थोडा खाण्याचा सोडा. दुपारी पाण्याच्या नळ्या पूर्ण वाहू द्यायच्या, कारण नळीत थांबलेलं पाणी तापतं. तुसाची गादी पातळ ठेवायची. लस, वजन, पकडापकड सगळं पहाटे. नेहमीपेक्षा पक्षीही कमी भरायचे. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात भाऊ दीड महिना जेवायला घरी येत नाही, आणि वहिनी म्हणते, पाण्यात पावडर मिसळून द्यायला याला आमची पोरं कधी दिसली नाहीत.

मध्यंतरी त्यानं उघड्या मानेच्या जातीची काही पिल्लं आणली. यांच्या मानेवर पिसं नसतात, अंगावरही एकूण कमीच, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर पडते. उन्हाळ्यासाठी इतकी शहाणी रचना दुसरी नाही. गावात मात्र बोभाटा झाला की याच्या कोंबड्यांना खरूज झाली. बघायला येणारे लांबून बघत. एका म्हातारीनं तर कडुनिंबाचा पाला आणून दिला. भावानं शास्त्र सांगून पाहिलं, शेवटी कंटाळून "बरी होऊन राहिली आता" असं सांगायला लागला. लोकांना हायसं वाटलं.

*

शहरात कोंबड्या नाहीत, पण कुत्री आहेत, आणि कुत्र्यांपेक्षा कुत्रेवाले जास्त आहेत. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सायबेरियन हस्की राहतो. नावच सायबेरियन. हाडं गोठवणाऱ्या थंडीत बर्फावरून गाडी ओढायला तयार झालेला हा प्राणी नागपूरच्या धंतोलीत का आला, याचं उत्तर मालकांपाशी आहे: "डोळे निळे आहेत जी त्याचे." त्या निळ्या डोळ्यांसाठी एसी रात्रंदिवस चालतो. मार्च ते जून त्या घरात एसीची खोली कुत्र्याची असते आणि मालक हॉलमध्ये कूलरसमोर झोपतात. मालकीणबाईंनी एकदा त्याचे केस भादरायचं मनावर घेतलं होतं. सुदैवानं पशुवैद्यांनी थांबवलं. हस्कीच्या अंगावरचा दुहेरी केसांचा थर थंडी अडवतो तसं ऊनही अडवतो. तो काढला तर कातडी भाजते आणि केस परत धड उगवतीलच असं नाही. विंचरून गळके केस काढले की पुरे. ते विंचरलेले केस जिन्यातून वाहत दुसऱ्या मजल्यावर येतात. तिथे भांडण सुरू होतं, पण तो विषय वेगळा.

पहिल्या मजल्यावर पग आहे. मोबाईल कंपनीच्या एका जाहिरातीत असा कुत्रा पोराच्या मागे मागे चालताना अवघ्या देशानं पाहिला आणि घरोघरी पग आले. जाहिरातीत तो चालत होता, हे खरं. नागपुरात मे महिन्यात त्याला चालवू नये, हे जाहिरातीत नव्हतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, थोडासा पंजाच्या गाद्यांना येतो. त्याचाही सगळा भार जिभेवर आणि धापेवर. आणि पगाला तर नाकच पुरतं दिलेलं नाही. चपट्या नाकातून हवा घरघरत आत-बाहेर करता करता तो आणखीच तापतो. बुलडॉग, शिह त्झू यांचीही तीच गत. त्यांचे मालक म्हणतात, "घोरतो किती गोड!" तो घोरत नाही हो, श्वास शोधतो आहे.

फिरवण्याची वेळ हा आमच्या इमारतीतला कायमचा तंटा. ऑफिसला जाणारे साहेब साडेनऊला कुत्रा घेऊन खाली उतरतात, कारण त्यांना त्याच वेळी सवड असते. पायात स्वतःचे बूट, डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. कुत्रा डांबरावर अनवाणी. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, नाही टेकवली गेली तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. एवढी साधी परीक्षा. आमच्या चौकीदारानं ती साहेबांना करून दाखवायला सांगितली. साहेबांनी तिसऱ्या सेकंदाला हात उचलला आणि चौकीदारालाच दम दिला. दुसऱ्या दिवसापासून मात्र कुत्रा पहाटे साडेपाचला उतरायला लागला. त्याला घेऊन साहेब नव्हे, साहेबांचे वडील उतरतात. दोघांनाही ते मानवलं आहे.

गाडीत कुत्रा ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणून दुकानात शिरणाऱ्यांविषयी मला विनोद सुचत नाही. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही. आणि नागपुरात दोन मिनिटांत कोणतंही दुकान कुणालाही सोडत नाही.

आता कांद्याची गोष्ट. विदर्भात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे. ऊन बाधत नाही म्हणतात. खिशातल्या कांद्यानं नुकसान काहीच नाही, फार तर लिफ्टमध्ये जागा मिळते. पण चौथ्या मजल्यावरच्या आजींनी एके दिवशी मोठ्या मायेनं घरच्या लॅब्राडोरच्या पट्ट्याला फडक्यात कांदा बांधला. कुत्र्याच्या गळ्यात खाण्याची वस्तू बांधायची आणि त्यानं ती खायची नाही, ही अपेक्षा ज्यानं लॅब्राडोर पाहिलेला नाही त्यानंच करावी. नात शाळेतून आली आणि तिनं किंकाळी फोडून कांदा ओढून काढला. कारण कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजरांना विषासारखा बाधतो, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. लसणाचंही तसंच. द्राक्षं, बेदाणेही नकोत. आजी दुखावल्या. "आमच्या वेळी कुत्रे भाकरतुकडा खात, कुणाला काही झालं नाही," म्हणाल्या. मग तोच कांदा त्यांनी मुलाच्या खिशात टाकला. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

तरीही एखाद्या दिवशी कुत्र्याला ऊन लागतंच. हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळेची धार, पाय लटपटतात, ओकारी होते. कुत्र्याचं अंग एरवी ३८-३९ अंशांवर असतं, ४१ च्या वर गेलं की एकेक मिनिट मोलाचं. अशा वेळी अख्खी इमारत गोळा होते आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कुणी बर्फ आणतं, कुणी तोंडात पन्हं ओतायला बघतं, कुणी ओल्या टॉवेलात गुंडाळतं, कुणी व्हिडिओ काढतं. यातलं एकही कामाचं नाही. बर्फानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. ओला टॉवेल अंगावर तसाच राहिला तर थोड्या वेळात तोच गरम होऊन बसतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते फुप्फुसात जातं. करायचं ते एवढंच: सावलीत न्यायचं, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं, पंखा लावायचा, शुद्धीवर असेल तर घोटभर पाणी त्याचं त्याला पिऊ द्यायचं. आधी अंग गार करायचं आणि मग दवाखाना. गाडीचा एसी सुरू करायला माणूस आधीच खाली पाठवायचा. व्हिडिओवाल्याला पाठवावं, तो रिकामा असतो.

मांजराविषयी फार लिहायची गरज नाही, कारण मांजरानं कुणाला काही विचारलेलंच नाही. घरातली सर्वांत गार फरशी कोणती, हे घर बांधणाऱ्याला ठाऊक नसेल पण मांजराला असतं. सकाळी मोरीत, अकराला माठाच्या तिवईखाली, दुपारी कूलरच्या समोर, आणि आपण कूलरसमोर बसायला गेलो की आपल्या जागेवर. पाण्याची वाटी दोन-तीन ठिकाणी ठेवली की झालं. फक्त एक लक्षात ठेवावं: कुत्रा धापला तर ते त्याचं रोजचं आहे, मांजर तोंड उघडून धापायला लागलं तर लगेच दवाखाना गाठायचा. मांजर उगाच तोंड उघडत नाही.

माशांच्या टाकीत बर्फाचे खडे टाकणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो हे बरोबर, पण झाकण उघडून हवेचा पंप वाढवावा. एकदम गार पाण्यानं मासे दगावतात. पोपटवाल्यांना मी उन्हाळ्याचा सल्ला देत नाही. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्याला सोडवणं हाच बारमाही सल्ला.

नागपुरातल्या महाराजबागेत उन्हाळ्यात वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांना कूलर लागतात, हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, आणि त्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. फोटो पाहून गावात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, बिचारे मुके जीव. दोन, आपल्या कूलरच्या ताट्या कधी बदलणार? शहरातल्या सिग्नलवरही हल्ली तशीच हिरवी जाळी ताणलेली असते, म्हणजे लाल दिव्याला थांबलेल्या दुचाकीवाल्यांना सावली मिळावी. त्या जाळीखाली माणसांबरोबर रस्त्यावरची कुत्रीही येऊन बसतात. दिवा हिरवा झाला की माणसं उन्हात जातात, कुत्री जात नाहीत.

सगळ्यात फसवा महिना मात्र मे नाही. नवतपा संपतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एखादी वळवाची सर येते, पारा अडतिसावर उतरतो, आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात. नेमकी तेव्हाच पोल्ट्रीवाल्याची झोप उडते. कारण माठ, कूलर, ओलं तरट, कुत्र्याची जीभ आणि कोंबडीची धाप, ही सगळी मंडळी पाण्याची वाफ होण्याच्या एकाच भरवशावर जगतात. मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते, वाफ भराभर होते, म्हणून सेहेचाळिसातही निभतं. जूनमध्ये हवेतच पाणी भरलेलं, वाफ होणार कुठून? कोंबडी धापा टाकते, पण गार होत नाही. मुंबई-कोकणातल्या लोकांना हे जन्मापासून माहीत असतं. आम्हाला दरवर्षी जूनमध्ये नव्यानं कळतं. कूलर उघड्यावर भिजलेल्या चादरीचा वास देऊ लागतो, आणि त्याच दिवसांत शेडमधले फॉगर, तरटं, छपरावरचं पाणी, सगळं बंद करावं लागतं. मग उरतो फक्त वारा. मोठे पंखे लावायचे, हवा हलती ठेवायची.

परवाच्या जूनमध्ये भावाच्या शेडवर नेमका तोच प्रसंग आला. पक्षी विक्रीला आलेले, आभाळ भरलेलं, पान हलत नाही. शेडमधले पंखे पुरेनात. आणखी मोठे पंखे भाड्यानं आणावेत तर मंडपवाल्याचे सगळेच्या सगळे एका लग्नात लागलेले. लग्न वहिनीच्या भावाचं. भावानं दुपारी टेम्पो काढला, मांडवात गेला, मंडपवाल्याशी कानात काहीतरी बोलला आणि जेवणाच्या पंगतीवरचे चार जंबो पंखे उचलून घेऊन आला. पंगतीत हाहाकार. वरपक्ष, वधूपक्ष दोघेही पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एक झाले. वहिनीचा फोन आत्याला, वहिनीच्या आईचा फोन आत्याला, नवरदेवाच्या मामाचाही फोन आत्याला.

आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फोनवरच निकाल दिला. "पाहुण्याईले हात हायेत ना? घेतील पत्रावळीनं वारा. कोंबड्याईले हायेत का हात?"